मंगळावर वस्ती करावी का? हा विषय वर्गात घ्यायचाय, तर असा घेऊन बघा

"मंगळावर वस्ती करावी का" असं फळ्यावर लिहिलं की वर्गात काय होतं ते आधीच सांगते. बोलणारी चार मुलं ठरलेली असतात, त्यातला एक उठतो, हात मागे बांधतो आणि "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून सुरू करून मानवाची गरुडझेप, विज्ञान शाप की वरदान, असं सगळं पाठ केलेलं एका दमात म्हणून खाली बसतो, मग एक मुलगी उठून बरोबर त्याच्या उलटं बोलते, टाळ्या होतात, घंटा होते. कोणाचंही मत तसूभर हललेलं नसतं, कारण मत कोणाचं नव्हतंच, प्रत्येकाला फक्त एक बाजू मिळालेली होती. वक्तृत्व स्पर्धेला हे ठीक आहे हो. पण नीतीचा विचार म्हणजे मला जे पटतंय ते केलं तर कोणाचं तरी नुकसान होणार आहे हे दिसणं, आणि ते दिसूनसुद्धा काहीतरी ठरवावं लागणं. ते या भाषणांमधून कधी येत नाही.

हा लेख नवीन लोकांसाठी आहे, म्हणजे विज्ञान शिकवायला नुकतीच सुरुवात केलेले शिक्षक, खगोल मंडळांचे स्वयंसेवक, शनिवारी सोसायटीत विज्ञान क्लब चालवणारे आईबाबा वगैरे. आठवी ते दहावीची मुलं डोळ्यासमोर ठेवलीत, ज्युनियर कॉलेजलाही चालतं. सामान म्हणाल तर खडू, फळा आणि फुलस्केप कागद, प्रोजेक्टर नसला तरी काही अडत नाही. सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका, दोन सलग पिरियड मिळाले तर एक पायरी नीट होते आणि ती नीट होणं जास्त महत्त्वाचं.

पायरी १: प्रश्न लहान करा, इतका लहान की त्यावर सही करता येईल

"मानवजातीने मंगळावर जावं का" हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाला आयुष्यात कोणी विचारणार नाही, त्याला ते माहीत असतं, म्हणून तो पण मानवजातीच्या आवाजात बोलायला लागतो. त्यापेक्षा त्याला एका खुर्चीत बसवा. तू यानाच्या स्वच्छतेचा इन-चार्ज आहेस, उड्डाण परवा आहे, तपासणीत जंतू जास्त निघालेत, परवानगीच्या कागदावर सही करणार का? तू तळावरची मॅनेजर आहेस, एका कामगाराने तिकिटाच्या कर्जाचे हप्ते थकवलेत, काय करशील?

प्रश्न बरोबर जमलाय का हे ओळखायची माझी साधी कसोटी आहे. उत्तर म्हणून सही मागता येते का, आणि सही केली किंवा नाही केली तरी कोणीतरी हरतं का. दोन्हींना हो असेल तर प्रश्न चालेल. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात "हरणारा कोण?" एवढं लिहून ठेवा आणि तासभर पुसू नका. मुलं छान छान बोलायला लागली की नुसतं त्याकडे बोट दाखवायचं.

पायरी २: आधी दहा मिनिटं आकडे

हे टाळून थेट चर्चेला बसलात तर पोरं सिनेमातल्या मंगळाबद्दल बोलतात, म्हणजे काचेचा घुमट, आत बाग, बाहेर लाल डोंगर. म्हणून फळ्यावर लिहा: गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आणि ती हवासुद्धा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड, सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास, मातीत परक्लोरेट नावाचे क्षार जे पोटात गेले तर थायरॉइडला त्रास, पोचायला साधारण सात-आठ महिने, आणि निघायची सोयीची वेळ येते दर २६ महिन्यांनी. रेडिओ संदेश एका बाजूने जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे आईला "जेवलीस का" विचारलं तर उत्तर पाऊण तासानेही येऊ शकतं.

आणि एक गोष्ट नक्की सांगा, बायोस्फिअर २ ची. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये काचेची प्रचंड मोठी बंद इमारत बांधली, आत जंगल, शेत, छोटासा समुद्र, आणि सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत जाऊन राहिली. हवा, अन्न, पाणी सगळं आतल्या आत फिरत राहील असा बेत होता. झालं असं की ऑक्सिजन हळूहळू उतरायला लागला, २१ टक्क्यांच्या जवळून १४ टक्क्यांच्या आसपास आला, माणसांना जिना चढताना धाप लागायला लागली, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण शोधलं तर सुपीक मातीतले जंतू ऑक्सिजन खात होते आणि त्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे झाडांना तो मिळून परत ऑक्सिजन व्हायचा रस्ताच बंद. हा १४ चा आकडा फळ्यावर राहू द्या, पुढे लागणार आहे.

कोणीतरी हमखास म्हणतं की मंगळाची हवाच बदलून टाकू, बर्फ वितळवू. २०१८ मध्ये मंगळावरच्या मोहिमांची माहिती गोळा करून दोन शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता, तिथला हाताशी येण्यासारखा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी दाब पृथ्वीच्या सात टक्क्यांच्या आसपासच जातो. एवढं सांगा आणि पुढे चला, नाहीतर पिरियड तिथेच संपतो.

पायरी ३: मंगळ कोणाचा

पहिलं उत्तर ठरलेलं, "जो आधी पोचेल त्याचा". नाही म्हणू नका. उलट विचारा, १४ नोव्हेंबर २००८ ला चांद्रयान-१ मधून सोडलेली पेटी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळली, तिच्यावर तिरंगा रंगवलेला होता, मग ती जागा आपली का? वर्ग एका आवाजात "हो!" म्हणतो. मग म्हणायचं, बरं, १९६९ पासून तिथे अमेरिकेचे झेंडे आहेत, मग ती जागा त्यांची का? आता आवाज कमी होतो. मग १९६७ चा बाह्य अवकाश करार काढा. भारतही त्यात आहे. कलम २ चा मतलब असा की चंद्र असो की कुठलाही ग्रह, कुठलाही देश तिथे मालकी सांगू शकत नाही, ना दावा करून, ना वापर करून, ना कब्जा करून. चांद्रयान-३ उतरलं त्या जागेला शिवशक्ती नाव मिळालं आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ते मान्यही केलं, पण नाव देणं वेगळं आणि सातबारा नावावर होणं वेगळं.

सातबारा म्हटला की मुलांना पटकन कळतं, शहरातल्यांना जरा समजवावं लागतं.

मग दुसरा वळसा. देश मालक होऊ शकत नाही, पण कंपनी? कलम ६ प्रमाणे कंपनीने काहीही केलं तरी जबाबदारी तिच्या देशाची. आणि खणून काढलेला माल? इथे खरी मजा आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला की अमेरिकन कंपनीने अवकाशातून खणून काढलेल्या मालावर तिची मालकी, जमिनीवर नाही. २०१७ मध्ये लक्झेंबर्गने तसाच केला. त्यांची बाजू मुलांना अशी सांगा, समुद्र कोणाच्या मालकीचा नाही पण जाळ्यात आलेली मासळी ज्याची त्याची. मालवण, वेंगुर्ले, मुरुडकडची मुलं यावर लगेच उसळतात, कारण बाहेरच्या मोठ्या घेरजाळ्यांच्या पर्ससीन बोटी येऊन सगळं ओढून नेतात आणि मग छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काय उरतं ते त्यांनी घरात ऐकलेलं असतं. त्यांना बोलू द्या, मध्ये पडू नका.

उलट बाजूला १९७९ चा चंद्र करार आहे, तो म्हणतो की तिथली संपत्ती सगळ्या मानवजातीचा सामाईक वारसा. अगदी थोड्या देशांनी तो पूर्ण मान्य केलाय. भारताने सही केली पण पुढची मान्यता दिली नाही. आणि जून २०२३ मध्ये भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली, ज्यात असं मालाचं उत्खनन चालेल असा रोख आहे. आपला देश नेमका कुठे उभा आहे, हे दहावीच्या मुलांना विचारा, त्यांना आवडतं कारण याचं उत्तर गाईडमध्ये नसतं.

आता सहीचा भाग. वर्गाचे तीन गट करा आणि त्यांना चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळचा एकच खड्डा द्या, ज्यात बर्फ आहे. चंद्रावर पाणी आहे हे सांगण्यात चांद्रयान-१ चा मोठा वाटा होता, तेही सांगून टाका. पहिला गट म्हणजे आधी पोचलेली कंपनी, दुसरा दहा वर्षांनी येणारा देश, तिसरा असा देश ज्याच्याकडे रॉकेटच नाही आणि पुढची पन्नास वर्षं नसेल. ग्रामसभेत मांडतात तसा एक पानी ठराव लिहायचा, तिघांच्याही सह्या हव्यात. तिसरा गट सुरुवातीला गप्प बसून असतो आणि नंतर सगळ्यात जास्त अडवतो, कारण त्याच्याकडे सही सोडून दुसरं काहीच नसतं.

अगदीच अडले तर अंटार्क्टिकाचा दाखला द्या. १९५९ चा करार, तिथे सगळ्यांनी संशोधन करायचं, नवीन मालकी कोणी सांगायची नाही, आणि १९९१ च्या प्रोटोकॉलने खाणकामही बंद. आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं तिथे आहेत आणि त्या जमिनीवर आपला हक्क नाही, तरी काम चाललंय. यावर एखादा हुशार पोरगा म्हणेल की तिथे अजून कोणाला परवडण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून चाललंय. चांगला मुद्दा आहे, फळ्यावर लिहा.

वेळ उरला तर एक मस्त कागद आहे. स्टारलिंक या इंटरनेट सेवेच्या अटींमध्ये २०२० च्या सुमारास एक कलम आलं होतं, त्याचा अर्थ असा की ग्राहक मंगळाला स्वतंत्र ग्रह मानतो, पृथ्वीवरच्या कुठल्याही सरकारचा तिथे अधिकार नाही आणि तंटे तिथली माणसं आपले आपण सोडवतील. म्हणजे घरी वायफाय घेताना तुम्ही मंगळाच्या राज्यघटनेवर टिक करताय! मुलांना विचारा, हे कलम ६ शी कसं जुळतं?

पायरी ४: जंतूंची बाजू कोण घेणार

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि नवीन लोक नेमका हाच सोडून देतात, त्यांना वाटतं मुलं हसतील. हसतातच. हसू द्या.

आधी प्रत्यक्षात काय करतात ते सांगा. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग यानं पाठवण्याआधी भट्टीत ११० अंशांच्या वर कित्येक तास भाजली होती, इथले जंतू तिथे जाऊ नयेत म्हणून. मंगळावर उतरणाऱ्या यानाला नियम असतो, सरासरी एका चौरस मीटरला ३०० पेक्षा जास्त बीजाणू (जंतूंचं चिवट, सुप्त रूप) नकोत. शनीचा अभ्यास करणाऱ्या कॅसिनी यानाचं इंधन संपत आलं तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ ला ते मुद्दाम शनीच्या वातावरणात घुसवून जाळलं, कारण ते भरकटून एन्सेलाडस नावाच्या चंद्रावर पडलं असतं तर तिथल्या बर्फाखालच्या समुद्रात काही जिवंत असलंच तर त्याला बाधा झाली असती. हजारो कोटींचं यान, फक्त शक्यतेसाठी जाळलं. आणि उलटं उदाहरण, एप्रिल २०१९ मध्ये इस्राएलचं बेरेशीट यान चंद्रावर आदळलं, त्यात हजारो टार्डिग्रेड म्हणजे सहजासहजी न मरणारे सूक्ष्म प्राणी होते.

मग लोणारला या. लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचाच, म्हणून शास्त्रज्ञ मंगळ समजून घ्यायला लोणारला येतात. पाणी इतकं क्षारयुक्त की मासे सहसा जगत नाहीत, पण जंतूंचं स्वतःचं एक जग आहे तिथे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की हॅलोआर्किया नावाच्या खारट पाण्यातल्या जंतूंमुळे. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं.

आता विचारा, गावचं सांडपाणी सरोवरात गेलं आणि हे जंतू मेले तर हरणारा कोण? वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो शास्त्रज्ञांचं नुकसान, अभ्यास राहून जाईल. दुसरा म्हणतो जंतूंचंच नुकसान, ते आधीपासून राहतायत. हा फरक मुलांच्या तोंडून आला की तुमचं अर्धं काम झालं, कारण मोठे तत्त्वज्ञसुद्धा इथेच भांडतात, एखाद्या जिवाची किंमत आपल्या उपयोगावर की त्याच्या असण्यावर. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचं मत होतं की मंगळावर जीव असतील तर मंगळ त्यांचा, मग ते नुसते जंतू का असेनात. पण हे मत मुलांची दोन्ही उत्तरं येऊन गेल्यावरच सांगा, आधी सांगितलंत की सगळी त्याच्यामागे जातात.

नंतर पायरी १ मधला स्वच्छता इन-चार्जचा कागद वाटा. जंतू जास्त निघालेत, उड्डाण थांबवलं तर पुढची वेळ २६ महिन्यांनी आणि तोवर टीममधल्या निम्म्या लोकांची नोकरी जाईल. सही करायची की नाही ते एका ओळीत, आणि हरणाऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत. सगळ्यांचं लिहून झालं की शेवटचा फास टाका, आता यानात माणूस बसवायचाय. यान भाजता येतं, माणूस भाजता येत नाही, आणि त्याच्या अंगावर, पोटात अब्जावधी जंतू असतात. म्हणजे वस्ती केली की जंतू गेलेच. आता काय?

पायरी ५: तिकीट उधारीवर

यासाठी दोन पिरियड ठेवा, इथे घाई केलीत तर मी रागवेन.

बरीच मुलं म्हणतात की मंगळावर माणसंच नाहीत, मग वसाहतवाद कसला, कोणाला हाकलणार? हा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तो टाळायचा नाही. फक्त इतिहासाच्या बाईंना किंवा सरांना त्या दिवशी वर्गात बोलवा आणि मॉरिशसची गोष्ट काढा. मॉरिशस बेटावरही मूळचे रहिवासी नव्हते. तिथे उसाच्या मळ्यांसाठी आधी आफ्रिका-मादागास्करकडून गुलाम आणले, गुलामगिरी संपत आली तेव्हा १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जवळपास पाच लाख माणसं उतरली. त्यात बिहार, तमिळ मुलखातली होती तशी आपल्या कोकणातलीही होती, आज तिथे मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. करार बहुतेक पाच वर्षांचा. आणि तिथे डबल कट म्हणून एक पद्धत होती, एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलास तरी.

म्हणजे ओसाड जागी गेलं म्हणून अन्याय होत नाही असं नाही, ज्यांना घेऊन जातो त्यांच्यावरही होऊ शकतो. हे वाक्य मात्र तुम्ही म्हणू नका, मुलांना म्हणू द्या, थोडा वेळ लागेल.

आता मंगळ. एलॉन मस्क यांनी २०२० मध्ये ट्विटरवर म्हटलं होतं की पैसे नसतील त्यांना तिकिटासाठी कर्ज मिळेल आणि मंगळावर कामं भरपूर असतील. यात वाईट हेतू होता असं सुचवायचं कारण नाही, कर्ज काढून लोक दुबईला, जर्मनीलाही जातात. फरक कुठे पडतो ते मुलांनी शोधायचं. अर्ध्या वर्गाला कंपनी करा, अर्ध्याला जाणारी माणसं, आणि दोघांनी मिळून कामाचा करार लिहायचा. पगार किती, हप्ता किती, आजारी पडलो तर, परत यायचं असेल तर, संप करता येईल का, भांडण झालं तर न्याय कोण देणार. पृथ्वीवर विचारायचं असेल तर चिठ्ठी तुमच्याकडे द्यायची आणि तुम्ही वीस मिनिटांनी उत्तर द्यायचं, घड्याळ लावून, जराही आधी नाही.

एका नववीच्या वर्गात कंपनीच्या मुलाने फार ऐटीत कलम लिहिलं होतं, "सलग तीन हप्ते थकल्यास कर्मचाऱ्याच्या सुविधा कमी करण्यात येतील". समोरच्या गटातली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, ती म्हणाली, "सुविधा म्हणजे काय रे? टीव्ही बंद करणार की हवा?" तो म्हणाला, "हवा नाही गं, हवा चालू ठेवू. फक्त जरा कमी." "जरा म्हणजे किती?" त्याने फळ्याकडे बघितलं, तिथे बायोस्फिअरचा आकडा होता, आणि म्हणाला, "सतरा टक्के?" त्यावर जो गोंधळ झाला तो बाजूच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. कोणी म्हणे हवेचं बिलच असता कामा नये, कंपनीवाले म्हणे मग प्लांटचा खर्च कोण करणार, कोणी म्हणे हवा फुकट पण पंखा विकत, मधेच एकाने विचारलं की बाई आपल्याकडे लाइट बिल थकलं तर महावितरण कापतेच ना. शेवटी त्यांनी कलम काय लिहिलं तर हवा, पाणी आणि परतीचा संदेश या तीन गोष्टी कुठल्याही कारणाने कापता येणार नाहीत, आणि त्या प्लांटचा वॉल्व कंपनीच्या एकट्या माणसाच्या हातात नसेल, दोन चाव्या असतील, एक कामगारांची. दोन चाव्यांची कल्पना त्या कलम लिहिणाऱ्या मुलाचीच, बहुतेक बँकेच्या लॉकरवरून सुचली असावी.

तुमच्या वर्गात हेच होईल असं नाही. पण हवेचा प्रश्न कोणीतरी काढतंच, नाही काढला तर तुम्ही आजारी कामगाराची चिठ्ठी टाका, तिथून गाडी बरोबर हवेवर येते.

पायरी ६: तिथे जन्मलेलं मूल

हे थोडक्यात घ्या, आणि वर्ग बघून घ्या. जाणाऱ्याने स्वतः ठरवलं, पण तिथे जन्मलेल्या मुलाला कोणी विचारलं? ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या हाडांना पृथ्वी झेपेल का हे अजून कोणी तपासलेलं नाही, म्हणजे त्याला आजीला भेटायला येता येईल की नाही तेही आज सांगता येत नाही. मुलं पटकन म्हणतात की आम्हाला तरी कुठे विचारलं होतं जन्माआधी! बरोबर आहे. मग फरक आहे की नाही, यावर पाच मिनिटं पुरे.

वर्गात काय काय अडतं

"आधी इथली गरिबी बघा" हे येणारच. दाबू नका, हिशोब करायला लावा. मंगळयानाचा खर्च सुमारे ४५० कोटी, तेव्हाची लोकसंख्या सव्वाशे कोटी धरली तर माणशी चार रुपयांपेक्षा कमी. पण लगेच हेही विचारा की यान पाठवणं आणि वस्ती करणं यांचा खर्च सारखा असेल का, आणि तो कोणाच्या खिशातून जावा. आकडा दोन्ही बाजूंना चावतो, तेच हवं.

"पृथ्वी संपणार आहे, जावंच लागेल" म्हणणाऱ्याला पायरी २ चे आकडे परत वाचायला सांगा आणि विचारा की पृथ्वी किती बिघडली म्हणजे ती मंगळापेक्षा वाईट होईल. तो आपणच डोकं खाजवतो.

कंपनी म्हणजे चांगली, सरकार म्हणजे वाईट, किंवा उलट, असा सूर लागला तर इतिहासाच्या सरांना पुढे करा, ईस्ट इंडिया कंपनीला १६०० मध्ये सनद राणीने दिली होती, आणि १८५८ मध्ये कारभार कंपनीकडून काढून घेतला तोही राणीच्याच नावाने. गोव्यातल्या वर्गात पोर्तुगीज राजवट, १५१० ते १९६१, एवढं म्हटलं तरी पुरतं, बाकीचं मुलं घरून घेऊन आलेली असतात.

तुमचं मत विचारतील. तास संपेपर्यंत सांगू नका, शेवटी जरूर सांगा, आणि त्यात हरणारा कोण हेही सांगा, नाहीतर मुलांना वाटतं बाईंचं मत म्हणजे मॉडेल आन्सर.

बोलकी चार मुलं सगळं खाऊन टाकतात तेव्हा तोंडी चर्चा थांबवून चिठ्ठ्या घ्या, नाव न लिहिता, आणि तुम्ही वाचा. मुख्याध्यापकांनी "सिलॅबसमध्ये कुठे बसतं" विचारलं तर २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन असतो, त्याचा कार्यक्रम म्हणून मागा, त्या आठवड्यात सहसा कोणी नाही म्हणत नाही, बोर्डाच्या वर्गाला जानेवारीनंतर मात्र विचारूच नका.

पायरी ८ (सातवी पायरी वरच्या "काय अडतं" मध्येच गेली): लिहून घ्या, पण निबंध नको

निबंध दिलात की परत तेच मानवजात सुरू होतं. पत्र लिहायला सांगा, आणि ज्याचं नुकसान तुमच्या सहीने झालं त्यालाच. नोकरी गेलेल्या टीममधल्या ताईला, रॉकेट नसलेल्या देशातल्या आपल्याच वयाच्या मुलाला, हप्ते थकलेल्या कामगाराला, कोणालाही. अट एवढीच की मी काय ठरवलं, का ठरवलं आणि तुमचं काय गेलं हे तिन्ही त्यात आलं पाहिजे, आणि माफीवर पत्र संपवायचं नाही. जंतूला पत्र लिहिणारे दोघं-तिघं निघतातच, बहुतेक टवाळी म्हणून सुरू करतात, लिहू द्या, त्यातली काही पत्रं भलतीच चांगली होतात.

मार्क द्यायची सक्ती असेल तर दहातले चार आकडे आणि करारातली कलमं बरोबर वापरल्याचे, चार समोरच्याचं नुकसान त्याच्या बाजूने नीट मांडल्याचे, दोन भाषेचे. कुठली बाजू घेतली याचा एकही मार्क ठेवू नका. मग पत्रं आपसात बदलून द्या आणि ज्याच्या हातात जे येईल त्याने त्या हरलेल्या माणसाच्या वतीने उलट टपाली उत्तर लिहायचं, त्याला घरी आठवडाभर द्या, वर्गात लिहायला लावलं तर दोन ओळींत "ठीक आहे, माफ केलं" लिहून मोकळी होतात.